संजयाने आधी काय सांगितले?

जानेवारी २०१९ मधली गोष्ट. 'झी मराठी'वर 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे दुसरे पर्व नुकतेच सुरू झाले होते. आमच्या सौंसरच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली, की शेजारच्या काकू शाल पांघरून येऊन बसत. त्या रात्री पडद्यावर अण्णा नाईक आपल्या त्या जरबेच्या चालीने वाड्यात शिरले आणि काकू एकदम सावरून बसल्या. "अहो सर, हा माणूस तर मेला होता ना? तीन वर्षांमागं याची मयत आपण इथंच बसून पाहिली!"

मी काही बोलणार, तोच पडद्यावरची नजर न हलवता आई म्हणाली, "मेला म्हणूनच तर सांगून राहिले."

काकूंचे त्या उत्तराने समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत हा किस्सा सांगितला, तेव्हा आमचे हिंदीचे व्याख्याते हसून म्हणाले, "सर, ये सब टीआरपी का खेल है." प्रेक्षकाला गोंधळात टाकायचे, मागचे पुढे आणि पुढचे मागे करायचे, म्हणजे सांगण्यासारखे काही नसले तरी काही तरी गूढ आहे असे वाटत राहते, असा त्यांचा दावा. मालिका पाहणारी आमची निम्मी मंडळी त्यांच्या बाजूने होती. मी इतिहासाचा विद्यार्थी आणि आयुष्यभर मुलांना सनावळी पाठ करायला लावणारा मास्तर. त्यामुळे माझाही कौल त्यांच्याकडेच पडायला हवा होता. घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने लिहाव्यात, हे मी उत्तरपत्रिकांवर लाल शाईने किती वेळा लिहिले असेल याचा हिशेब नाही. तरीही आईचे ते वाक्य मनात राहिले. का राहिले, ते पुढे येईलच.

आधी त्या मालिकेविषयी. पहिले पर्व फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाले. कोकणातला नाईकांचा वाडा, घरातला कर्ता पुरुष अण्णा नाईक मरण पावतो, आणि त्या निमित्ताने सारे कुटुंब वाड्यात गोळा होते. भुताखेतांचा भास, वाटणीचा वाद, मालवणी बोली. त्याच वर्षी ते पर्व संपले. २०१९ साली दुसरे पर्व आले ते पुढे न जाता मागे गेले. अण्णा जिवंत, भरात, आणि शेवंताच्या नादात. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरांत पोचली ती या दुसऱ्या पर्वाने. २०२१ मध्ये तिसरे पर्व आले आणि गोष्ट पुन्हा पुढच्या काळात गेली. (जाता जाता एक सांगतो. मालवणी टीव्हीवर आली, कोल्हापुरी आली, नागपूरची वऱ्हाडीही अधूनमधून विनोदापुरती येते. आमच्या पांढुर्ण्या-सौंसरची हिंदीत भिजलेली मराठी मात्र अजून कोणा लेखकाच्या कानावर पडलेली दिसत नाही. असो.)

आता प्रश्न असा, की हे मागे जाणे ही युक्ती होती की गरज? युक्तीचा वास होता हे मान्य केले पाहिजे. पहिले पर्व गाजले, तेव्हा मेलेल्या माणसाला परत आणण्याचा हा सोपा मार्ग होता, असे कोणी म्हटले तर मी भांडणार नाही. पण पाहताना जे होत होते ते वेगळे होते. या माणसाच्या मरणानंतर घरात काय उरले आहे ते आम्हाला ठाऊक होते. त्यामुळे अण्णा एखाद्याची जमीन गिळताना दिसला, की 'आता काय होणार' हा प्रश्न पडत नसे. 'हे सारे कोणाच्या पदरात पडणार आहे' ते आम्ही आधीच पाहिलेले होते. माई परसात गुपचूप राबताना दिसली, की तिचे पुढचे वैधव्य डोळ्यांपुढे उभे राही. तीच गोष्ट सरळ क्रमाने सांगितली असती, तर एका रंगेल आणि क्रूर माणसाची कहाणी झाली असती, आणि शेवटी तो मेला म्हणून आम्ही हुश्श केले असते.

याउलट निव्वळ युक्तीची उदाहरणेही कमी नाहीत. २००० साली 'क्यूँकि सास भी कभी बहू थी' ही हिंदी मालिका सुरू झाली. आमच्या भागात ती मराठी घरांतूनही तितक्याच भक्तीने पाहिली गेली. या मालिकेने कथेला वीस-वीस वर्षांची उडी मारण्याची प्रथा लोकप्रिय केली. 'लीप' हा शब्द त्यानंतर आमच्या बायकांच्या तोंडी आला. "त्या मालिकेत आता लीप येणार आहे", हे 'पाहुणे येणार आहेत' इतक्या सहज बोलले जाऊ लागले. उडीत वीस वर्षे जात, मुले लग्नाची होत, पण त्यांच्या आयांच्या चेहऱ्यावर सुरकुतीही उमटत नसे. फार तर कानापाशी एक बट पांढरी. त्या वीस वर्षांत कोणाचे काय झाले, कोण काय विसरले, कोणाला काय सोसावे लागले, याच्याशी उडी मारणाऱ्याला कर्तव्य नव्हते. जुने धागे संपले, नवे हवेत, म्हणून उडी. दुसरी युक्ती स्वप्नाची. अर्धा भाग नायिका विष पिते, घर रडते, आणि जाहिरातींनंतर ती घामाघूम होऊन उठून बसते. तिसरी तर सगळ्यांना पाठ आहे: पात्राला सारे ठाऊक आहे, ते फोटोकडे पाहून डोळे पुसते, पण फोटो आपल्याला दाखवायचा नाही. तीन आठवडे दाखवायचा नाही.

म्हणजे काळ मोडणे हे एकच कृत्य नव्हे, हे इतक्यातच दिसते. पण यात आणखी एक गैरसमज दडला आहे. 'सरळ गोष्ट' ही आपली जुनी, देशी रीत आणि 'उलटसुलट गोष्ट' हे नवे, परदेशी खूळ, असे आपण धरून चालतो. हे मला तपासून पाहावेसे वाटले आणि तपासता तपासता माझीच समजूत उलटी झाली.

माझ्या पिढीला गोष्टीची सवय लावली ती दूरदर्शनने. अँटेना गच्चीवर, तोंड नागपूरकडे. राजधानी भोपाळ, पण चित्र नागपूरचे, हे आमच्या भागाचे सारच होते म्हणा ना! २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' सुरू झाले आणि जून १९९० पर्यंत ९४ भाग चालले. त्याआधी १९८७ च्या जानेवारीत रामानंद सागरांचे 'रामायण' आले होते. रविवारी सकाळी पांढुर्ण्याचा बाजार ओस पडे. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी गल्ली. राही मासूम रझा यांनी लिहिलेल्या त्या 'महाभारता'ची सुरुवात कुठून होते? राजा भरतापासून. मग शंतनू, गंगा, देवव्रताची प्रतिज्ञा, आणि तिथून पुढे एकेक पायरी चढत कुरुक्षेत्र. निवेदक खुद्द काळ. तो चक्रासारखा फिरताना दाखवला, पण गोष्ट मात्र त्याने आगगाडीसारखी रुळावरून नेली.

त्याला कारण होते. आठवड्यातून एकदा दिसणारा भाग, तोही एकदाच. मध्ये वीज गेली तर गेला. पुन्हा पाहण्याची सोय नाही. ते रीळ मागे फिरवणारे यंत्र गावात एखाद्याकडे असे, तेही लग्नाच्या कॅसेटी पाहण्यापुरते. पाहणाऱ्यांत आजी, शाळकरी पोर, शेतावरचा गडी, सारे एकत्र. अशा प्रेक्षकाला गोष्ट सरळच सांगावी लागते. 'मागील भागात आपण पाहिले' ही ओळसुद्धा त्या चुकलेल्या रविवारासाठीच होती. हा माध्यमाचा आणि त्या दिवसांतल्या विजेचा नियम होता. त्यात परंपरा शोधू नये.

कारण मूळ ग्रंथ सरळ नाहीच. महाभारत सुरू होते ते सारे संपून गेल्यावर. नैमिषारण्यात शौनकाच्या सत्रात सूतपुत्र उग्रश्रवा येतो आणि जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने सांगितलेली कथा तो पुन्हा सांगतो. जनमेजय हा अभिमन्यूच्या मुलाचा मुलगा. म्हणजे ऐकणारा श्रोता हाच या युद्धाचा शेवट आहे; पांडव जिंकले नसते तर तो तिथे बसलाच नसता. कोण जिंकणार याची उत्सुकता व्यासांनी पहिल्याच पानांवर संपवून टाकली आहे. रामायणाचेही तेच. नारद वाल्मीकीला सारी रामकथा थोडक्यात सांगून टाकतो, आणि मग पुढे ती विस्ताराने येते. गाणारे कुश-लव आणि ऐकणारा स्वतः राम.

पण मला सर्वांत जास्त थांबवले ते भीष्मपर्वाने. आपल्या मनातला संजय हा टीव्हीतला संजय आहे. दिव्यदृष्टी लाभलेला, महालात बसून रणांगण पाहणारा आणि क्रिकेटच्या समालोचकासारखा धृतराष्ट्राला घडेल तसे सांगणारा. ग्रंथात दिव्यदृष्टी आहेच. पण सांगण्याची तऱ्हा पाहा. दहा दिवसांचे युद्ध होऊन गेल्यावर संजय रणांगणावरून येतो आणि चिंतेत बसलेल्या धृतराष्ट्राला पहिली गोष्ट सांगतो ती ही, की भीष्म पडले. आधी पतन. मग धृतराष्ट्राचा आकांत. ज्याला परशुराम जिंकू शकला नाही तो पडलाच कसा, त्याच्याभोवती कोण होते, त्या वेळी माझी मुले काय करत होती, असे प्रश्नांवर प्रश्न. आणि त्यानंतर संजय पहिल्या दिवसाकडे वळतो: सैन्ये कशी उभी राहिली, व्यूह कोणते. गीता येते ती याच्याही नंतर. म्हणजे अर्जुन धनुष्य खाली टाकून भीष्म-द्रोणांवर बाण कसे सोडू असे विचारतो, तेव्हा ऐकणाऱ्या धृतराष्ट्राला भीष्म शरपंजरी आहेत हे माहीत आहे. गीता मी किती तरी वेळा वाचली आहे, दहावीच्या मुलांना तिच्यावर भाषणे दिली आहेत. पण तिचा पहिला श्रोता कोणत्या मनःस्थितीत ती ऐकत होता, हे कधी ध्यानातच घेतले नव्हते. द्रोण, कर्ण, शल्य यांच्या पर्वांतही हीच रीत आहे. सेनापती पडल्याची बातमी आधी, युद्ध मागून.

चोप्रांनी हा क्रम सरळ केला. त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पण जे गेले ते गेले. बातमी ऐकलेला बाप गेला, आणि त्याच्या जागी सामना पाहणारा बाप आला.

इथे कोणी म्हणेल, की ही ऋषिमुनींची कामे, मराठीचे काय? त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. पांढुर्ण्याहून वरुड-मोर्शीच्या बाजूला उतरले की अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर लागते. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', तिथे सुमारे १२७८ साली सिद्ध झाला. श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेले, मागे राहिले ते शोकाकुल शिष्य आणि त्यांच्या आठवणी. म्हाइंभटांनी काय केले? ज्याने जे पाहिले-ऐकले त्याला गाठून विचारले, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तिथे अमक्याच्या मते असे आणि तमक्याच्या मते तसे, अशी नोंद ठेवली. आपली मते घालून त्यांनी सांधा बुजवला नाही. मला इतिहासाचा शिक्षक म्हणून या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात.

ग्रंथाचे भाग तीन: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. वरवर पाहता काळानुसार सरळ. पण एकांक म्हणजे स्वामींच्या एकट्याने केलेल्या भ्रमंतीचा काळ. तेव्हा सोबत शिष्यपरिवार नव्हता. त्या लीळा पुढे प्रसंगाप्रसंगाने स्वामींच्याच तोंडून शिष्यांना कळल्या. घडल्या आधी, कळल्या मागून. आणि गंमत पुढेच आहे. याच एका आयुष्याची मांडणी महानुभावांनी किती तऱ्हांनी केली! केशिराजबासांनी 'दृष्टांतपाठ' केला, त्यात काळ बाजूला ठेवून स्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत वेचून घेतले. सूत्रपाठात केवळ वचने. आणि 'स्थानपोथी'त तर क्रम गावांचा: या गावी स्वामी इथे बसले, इथे निजले, इथे जेवले. गावातून चालत जाणाऱ्या यात्रेकरूला सन कशाला हवा? त्याला पायाखालची जागा हवी. तेच आयुष्य, वेगवेगळ्या पोथ्या, वेगवेगळे क्रम, आणि यातला एकही क्रम लोकांना चकवण्यासाठी नाही. विचारणारा बदलला की क्रम बदलला. परंपरा असेही सांगते, की पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथीच हरवली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. एकाच ग्रंथाचे निरनिराळे पाठ आज आहेत ते त्यामुळे.

मग क्रम मोडला म्हणजे गोष्ट खोल झाली का? मुळीच नाही. या बाबतीत आपल्या विदर्भातलेच नाटक माझ्या व्याख्यात्या मित्राच्या बाजूने साक्ष देईल. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आले ते १९८५ साली. धरणगावकर देशपांड्यांच्या घरातले तात्याजी वारले आहेत, मुंबईचा मुलगा सुनेसह आला आहे, आणि तेराव्यापर्यंतचे दिवस पार पाडायचे आहेत. कर्ता पुरुष मेला, मुले वाड्यात जमली: 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वाची सुरुवातही हीच नव्हे का? पण एलकुंचवार एकदाही मागे जात नाहीत. तात्याजी रंगमंचावर येत नाहीत. अंगणात एक बंद ट्रॅक्टर गंजत पडला आहे, घरातली प्रभा नावाची बहीण लग्नाविना राहिली आहे, आतल्या खोलीतून दादी वेळ विचारते आहे, आणि तेवढ्यात आपल्याला त्या घराचा मागचा पन्नास वर्षांचा काळ दिसतो. घड्याळाचा काटा सरळ चालला आहे आणि तरी मागचे सारे समोर आहे. पुढे त्याच कुटुंबाची 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाटके आली, आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ती तिन्ही मिळून नऊ तासांचा प्रयोग केला. तोही सरळ क्रमानेच.

तेव्हा काळ मोडल्याशिवाय भूतकाळ आणता येतो. ज्याला तो आणता येत नाही तो बऱ्याचदा चित्र काळे-पांढरे करतो, कडा धूसर करतो, मागे बासरी लावतो, आणि झाला भूतकाळ! 'असंभव' ही 'झी मराठी'वरची पुनर्जन्माची मालिका २००७ ते २००९ चालली. दिग्दर्शन सतीश राजवाडे यांचे. तिच्यात हे दोन्ही होते. वाड्यातला मागचा जन्म आणि आजचा जन्म एकमेकांना चिकटले, की अंगावर शहारा येई. आणि भाग वाढवायचे असले, की तेच मागचे दृश्य पुन्हा, पुन्हा, तिसऱ्यांदा. रोजच्या मालिकेची ती अडचण आहे. आठवड्याचे सहा भाग भरायचे म्हटले, की चांगल्या कल्पनेलाही पाणी घालावे लागते. राजवाड्यांनीच २०२० साली सुहास शिरवळकरांच्या 'समांतर' कादंबरीवर त्याच नावाची मालिका केली, ती मोबाइलवर पाहायची, मोजक्या भागांची. एका माणसाचे होऊन गेलेले आयुष्य दुसऱ्याच्या वाट्याला यायचे आहे आणि ते एका डायरीत लिहिलेले आहे. इथे मागचे-पुढचे हे अलंकार नव्हते, कथेचा विषयच तो. माझ्या पुतण्याने ती एका बैठकीत पाहिली आणि जिथे कळले नाही तिथे बोटाने मागे नेऊन पुन्हा पाहिली. १९८८ सालच्या प्रेक्षकाच्या हातात हे बोट नव्हते. दिग्दर्शकांची हिंमत वाढली आहे, तिला या सोयीचा हातभार किती, हे विसरू नये.

परदेशातही हाच झगडा आहे. जपानच्या कुरोसावांचा 'राशोमोन' १९५० चा. एकच हत्या, चौघांच्या चार जबान्या. तिथे दिग्दर्शकाने काही लपवले नाही, जबानी देणारे लपवतात. अमेरिकेतली 'लॉस्ट' ही मालिका २००४ ते २०१० चालली. बेटावर विमान कोसळलेल्या प्रवाशांची गोष्ट, आणि प्रत्येक भागात एकेकाच्या मागच्या आयुष्यात डोकावणे. तीन वर्षे प्रेक्षकाला ही सवय लावल्यावर २००७ मध्ये तिसऱ्या पर्वाच्या शेवटी कळते, की या वेळी जे 'मागचे' म्हणून पाहिले ते पुढचे होते. चकवा खराच, पण त्या चकव्याने बेटावरून सुटण्याची प्रेक्षकाची आसच उलटी करून टाकली. पुढे मात्र कोड्यांत कोडी घालता घालता ती मालिका स्वतःच बेटावर अडकली, असे माझे मत.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो.

आईचे माहेर पांढुर्णे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, हे वाचकांना सांगायला नको. अलीकडे चित्रवाहिन्या ती देशभर दाखवतात. नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मध्ये पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा. दोन्ही काठांवरून दगड. पांढुर्ण्याच्या बाजूने ते झाड तोडून आणले, की चंडीमातेच्या देवळात वाहतात. का करतात म्हणून विचारले, की मग सांगतात: पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघे पळून जाताना नदीत अडकले, दोन्हीकडून दगड आले, दोघे मेले. दुसरी एक कथा भोसल्यांच्या काळातल्या लढाईशी नाते सांगते. लिखित पुरावा कशालाच नाही. आधी दगड दिसतो आणि गोष्ट मागून येते. आमच्या मुलांना ही गोष्ट कोणी 'एकदा एक मुलगा होता' अशी सांगत नाही.

आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, असाच एका वर्षी गोटमारीत जखमी झाला आणि त्याचा डावा डोळा गेला. तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा, आई अठराची. दगड कोणाचा, हे कोणाला ठाऊक नाही आणि आमच्या घरात कोणी विचारलेही नाही. मी शाळेत मुलांना घरोघरच्या जुन्या आठवणी लिहून आणायला सांगत असे. एका वर्षी वाटले, आपणही लिहावे. आई सांगत गेली, मी वहीत टिपत गेलो. तिचे सांगणे असे: संध्याकाळ झाली होती, ती दिव्याची काच पुसत होती, दारात दोघे जण आले आणि म्हणाले, तुमच्या पोराचा डोळा गेला. मग दवाखाना. मग आजीचे ओरडणे. मग एकदम सकाळ: मामा पोळ्याच्या उरलेल्या करंज्या खिशात भरून गेला. मग पुन्हा दवाखाना. मग आदल्या दिवशी त्याने बैलाची शिंगे रंगवली ते. मग त्याच्या लग्नाला मुलगी मिळेना ती पुढची दहा वर्षे. मग पुन्हा करंज्या.

मी मास्तर. मी ते सारे नीट लावले. पोळ्याचा दिवस, शिंगे, दुसरी सकाळ, करंज्या, नदी, दगड, संध्याकाळ, दवाखाना. स्वच्छ अक्षरात दोन पाने झाली. आईला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "चांगलं लिवलं बापू. पण असं नाही झालं."

मी म्हटले, काय चुकले? एकही गोष्ट तुझ्या सांगण्याबाहेरची नाही.

"तू लिवलं तसं मले कोणी सांगितलंच नाही. मले तर आधी डोळाच समजला. मंग मी बसून आठवत राहिली का सकाळी काय झालतं. करंज्या मले त्या रात्री आठवल्या. सकाळी तर मी पाह्यलंच नाही, तो चोरून घेऊन गेला का काय."

माझ्या लिखाणात करंज्या नेणारा एक खोडकर मुलगा होता. तिच्या सांगण्यात डोळा गेलेल्या भावाच्या खिशात सापडलेल्या करंज्या होत्या. मी घटनांचा क्रम बरोबर लावला आणि त्यात ती बहीणच कुठे उरली नाही. ती वही मी तशीच मिटून ठेवली. भीष्मपर्व पुन्हा उघडले ते यानंतर कधी तरी, आणि संजय तिथे आईच्या दारातल्या त्या दोघांसारखा उभा दिसला.

वर्गातही हे मला रोज भेटत होते, ध्यानात आले नव्हते इतकेच. आमच्या भागाचा इतिहास सनावळीने सांगायचा तर असा: १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले, १९५० मध्ये नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा इकडेच राहिला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर. फळ्यावर सहा ओळी. मुले उतरून घेतात. पण कोणत्याही वर्षी कोणतेही मूल पहिला प्रश्न १८६१ चा विचारत नाही. ते विचारते, "सर, घरी मराठी बोलतो तर शाळेत हिंदी का?" उत्तर शेवटाकडून सुरू करावे लागते आणि मागे मागे जावे लागते. सहा ओळी त्यानंतर लिहिल्या, तर त्या मुलांच्या डोक्यात राहतात.

म्हणून व्याख्याते मित्रांना मी आता असे सांगतो. मालिका मागे गेली म्हणजे रागावू नका, आणि दिपूनही जाऊ नका. कोणाला काय केव्हा कळले, याच्याशी तो क्रम इमान राखतो का, ते बघा. फोटो नायिकेच्या हातात आहे आणि तुम्हाला दाखवत नाहीत, तर तो दुकानदाराचा पडदा आहे. पण घरात मरण आधी आले आणि माणूस मागून कळत गेला, तर ते तसेच असते. आपल्या सगळ्यांच्या घरी तसेच असते. ते मानतात असे नाही. "फिर भी सर, टीआरपी तो है ही", म्हणतात. आहेच.

वहीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दुसऱ्या दोन पानांवर आईचे सांगणे तिच्या क्रमाने, तिच्या शब्दांत उतरवले. पहिली पाने फाडली नाहीत, म्हाइंभटांचे स्मरण करून दोन्ही पाठ ठेवले. गेल्या पोळ्याला मामा आला होता. आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला, उजव्या डोळ्याजवळ वही धरून दोन्ही पाठ सावकाश वाचले आणि हसू लागला.

"तुम्ही दोघंही चुकले," तो म्हणाला. "झाडाचं कोणीच नाही लिवलं. त्या वर्षी झाड लय मोठं होतं. पह्यल्यानं झाड लिव."

आणि मग तो अर्धा तास त्या पळसाबद्दल बोलत राहिला. बुंधा केवढा होता, फांद्या किती होत्या, पहाटे ते रोवायला किती जण लागले. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. डोळ्याचा विषय निघालाच नाही.